पप्पांच्या रुमालातला कांदा

“सर, उन्हात मोबाईल काळा पडतो, मग माणूस कसा काय चालू राहतो?”

निकितात हे विचारायचा दम नाही, अशी अर्पिता आणि मंजुषाने पैज लावली होती. मी विचारलंच की! अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. योगीराज सर मात्र खडू घेऊन उठले.

“त्या पडद्यात द्रव स्फटिक असतो. वाहतो पाण्यासारखा, पण त्याचे रेणू तुम्ही प्रार्थनेला उभे राहता तसे, एकाच दिशेला तोंड करून. फार तापलं की रांग मोडते, पडदा काळा. सावलीत ठेवा, रांग परत लागते. आपल्या प्रत्येक पेशीचं आवरणही तसंच. वाहतं, तरी रांगेत.”

“आन् आपली रांग मोडली तर?” हे पैजेत नव्हतं.

“घाम येतो तोवर शरीर सांभाळून घेतं. घाम थांबला, माणूस बरळायला लागला, की घाई करायची. माणसाची रांग दर वेळी परत लागत नाही.”

मला पप्पाच आठवले. शेतात हळद शिजवायचं चालू होतं. पप्पा सकाळपासून बॉयलरच्या वाफेत. डोक्याच्या रुमालात कांदा बांधला की ऊन लागत नाही, हे त्यांचं ठाम मत.

सकाळची शाळा सुटली तशी सायकल दामटली. चुडाव्याच्या फाटकात मालगाडी आडवी! डबे काही संपेनात.

शेतात आई लांबवर हळद वाळत घालत होती. पप्पा बॉयलरला टेकून बसलेले. शेजारी त्यांचा बटनाचा मोबाईल, पडदा काळाठिक्कर.

“पप्पा, घाम कुठं गेला तुमचा?”

“कांदा हाय की. ताई, बैल सोड गं.”

मी त्यांची ताई नाही. बैल तर मागच्याच साली विकले.

“आई! पळ!”

दोघींनी त्यांना कडुलिंबाखाली ओढलं. पिंपातलं गार पाणी अंगावर ओतलं. आईनं तिच्या मोबाईलवरून १०८ ला फोन लावला. मी ओल्या ओढणीनं वारा घालत राहिले. सावलीत आणलेल्या पप्पांच्या मोबाईलवर आकडे परत उमटले. पप्पा अजून बैलांनाच हाका मारायलेले.

संध्याकाळी दवाखान्यात त्यांनी मला “निकिता” म्हणून हाक मारली. तेव्हा कुठं मी रडले.

“राहिलेली हळद उद्या उरकू,” लगेच म्हणाले.

“न्हाई पप्पा. आई, तू पण ऐक. उद्या बॉयलर बंद. परवापासून पहाटं पेटवायचा, ऊन चढायच्या आत विझवायचा. पाणी मी बघणार, तुमच्या कपाळावरचा घाम पण मीच बघणार. आन् कांदा आता भाजीत घालायचा!”