न मानलेला मार

आमच्या मंडळाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. दर रविवारी आम्ही कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर, मेंढ्यांच्या शेडमध्ये जमायचो. युरोपातल्या जुन्या काळच्या सरदारांसारखा वेष करायचा, चिलखतं चढवायची आणि लढायचं. केल्व्हिन एरवी ठोकरलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करायचा. त्यानेच जुन्या गॅस सिलिंडरमधून सगळ्यांची शिरस्त्राणं घडवली. तलवारी म्हणजे चिकटपट्टी गुंडाळलेल्या वेताच्या काठ्या. मी ग्रंथालयातून निवृत्त झालेला. काठी धरायचीही मला भीती वाटे. त्या काळाबद्दल वाचलेलं होतं, म्हणून मला पंच केलं. तेवढं कारण पुरेसं होतं का, कोण जाणे.

पंचाला तसं काम नव्हतंच. आमच्यात घाव नीट बसला की नाही हे ज्याला बसला तोच ठरवतो. बसला तर त्याने आपण होऊन मरून पडायचं. सरदाराच्या शब्दावर शंका घ्यायची नाही, ही मंडळाची पहिली रीत. पंचाच्या हातात एकच शब्द, ‘थांबा’. तो कानावर पडला की प्रत्येकाने आहे तिथे गुडघ्यावर बसायचं.

खाटीकखान्यात काम करणारा डेस आमच्यात आला आणि तो काही पडेना.

“काय रे, लागलं नाही?” केल्व्हिन विचारायचा.

“थोड्या गुदगुल्या झाल्या.”

“मेंढ्यांच्या संगतीत डोकंही तसलंच झालंय तुझं.”

सगळे हसायचे. पुढच्या रविवारी केल्व्हिन आणखी जोरात मारायचा. मग बाकीचेही जोर वाढवू लागले. काठ्या जाड झाल्या. हसणं कमी झालं. शेडच्या पत्र्याखाली तो आवाज घुमला की बाहेर निलगिरीवरचे काकाकुवे उडून जायचे.

मी केल्व्हिनला म्हटलं, “जरा बेताने मार.”

“बेताने मारलं तर त्याला कळत नाही, आल्विन. मग मी काय करू, सांग.”



राजा निवडायच्या रविवारी सगळं गाव लोटलं. सगळ्या लढती जिंकेल तो मंडळाचा राजा. शेवटची लढत डेस आणि केल्व्हिनची. त्याआधी डेसची बायको रोंडा मला मेंढ्यांच्या रिकाम्या कोंडवाड्यापाशी घेऊन गेली.

“जुनी गादी कापून त्याने शिरस्त्राणात भरलीय,” ती म्हणाली. “त्यामुळे घाव बसलेला त्याला खरंच कळत नाही रे. पण गेल्या रविवारपासून उलट्या करतोय. दिवा लावला तरी डोळे झाकतो.”

“मग लढू नको म्हण त्याला.”

“म्हटलं. डॉक्टरकडे राजा झाल्यावर जाईन म्हणतो. आता तूच थांबव, वेळ आली तर.”

“माझा आवाज पोचत नाही, रोंडा.”

“नाही पोचला तर आत घूस. तुला कोण मारणारे?”

लढत सुरू झाली. केल्व्हिनचा पहिला घाव कानशिलावर बसला. “नाही लागला,” डेस म्हणाला. दुसरा तिथेच बसला. या वेळी डेस काहीच बोलला नाही. नुसता उभा राहिला.

“अरे, बोल की,” केल्व्हिन म्हणाला. “का खोटं बोलायचाही कंटाळा आला?”

आजवर हे कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. दोरीपलीकडचे लोक पुढे झुकले. केल्व्हिनने दोन्ही हातांनी काठी मागे नेली. डेसच्या काठीचं टोक हळूहळू खाली आलं आणि जमिनीवरच्या भुशात टेकलं.

“थांबा,” मी म्हणालो. माझं मलाच नीट ऐकू आलं नाही. मग मी आत गेलो.

काठी माझ्या बाहीला घासून गेली. केल्व्हिनने मला पाहिलं, मी पुन्हा तो शब्द म्हटला, आणि तो गुडघ्यावर बसला. कडेचे सरदार बसले. त्यांचं पाहून पोरंटोरंही बसली. डेस उभाच होता.

“विचार त्याला,” केल्व्हिन धापा टाकत म्हणाला. “पुढे लढायचंय का, विचार.”

तशी रीत होती. मी विचारलं.

“तयार,” डेस म्हणाला. त्याने ढाल उचलली आणि आमच्याकडे पाठ करून रिकाम्या कोंडवाड्यासमोर पवित्रा घेतला.

“लढू दे की, म्हाताऱ्या,” मागून कुणीतरी ओरडलं. मी डेसच्या हातातली काठी काढून घेतली. त्याने ती दिली.

वॅगाच्या मोठ्या इस्पितळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर रोंडा गाडी चालवत होती. मागे डेसचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाची रानं संपत नव्हती.

“कोण जिंकलं?” त्याने विचारलं.

“तू.”

तो खूश झाला. थोड्या वेळाने त्याने पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं, आणि तो पुन्हा तितकाच खूश झाला. नंतर त्याने विचारणं सोडलं.

“बोलत राहा त्याच्याशी,” रोंडा आरशात बघत म्हणाली.

मला गप्पा मारता येत नाहीत. तरी मुकुटाबद्दल, मेजवानीबद्दल, सुचेल ते बोलत राहिलो. मध्येच रोंडाने मला गप्प केलं आणि त्याचा श्वास ऐकू यावा म्हणून खिडक्यांच्या काचा वर घेतल्या.