कलमी गुलाबाचा जळफळाट

मी दारातला लाल गुलाब बोलतोय. एरवी बोललो नसतो, पण शिवणकाकूंनी अर्धीच बातमी सांगितली आणि माझा जीव टांगणीला लागला.

शिवणकाकू म्हणजे आमच्या शेजारीण. त्यांचं शिलाई मशीन खिडकीपाशी आणि ती खिडकी माझ्या डोक्यावर. त्यामुळे गल्लीतली बातमी आधी त्यांच्याकडे येते, मग माझ्यावर सांडते. एकदा इस्त्रीवाला कपडे घ्यायला आला होता. त्याला त्या म्हणाल्या, "ऐकलंस का, येत्या रविवारी बाई तो गुलाब मुळासकट काढणार आहेत. त्या जागी रानातलं झाड लावायचंय म्हणे. आणि घड्याळवाले तर..."

बोलता बोलता मशीनवर पाय चालवायची काकूंना खोड आहे. नेमकं पुढचं वाक्य खडखडाटात बुडालं. इस्त्रीवाल्यानं भुवया कपाळावर नेल्या. त्याला कळलं, मला नाही.

मुळासकट. हा शब्द माणसं किती सहज वापरतात. आमच्या जातीत तो फाशीच्या शिक्षेसारखा ऐकू येतो.

पण तुम्हाला आधीचं ठाऊक नसेल तर माझा जीव का टांगला ते कळायचं नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म बीमधून झाला नाही. नर्सरीत एका माणसानं माझ्या आईच्या फांदीवरून मला खरवडून काढलं. तेव्हा मी नखाएवढा होतो. आम्हाला त्या वयात डोळा म्हणतात. कुठल्याशा जाडजूड खुंटाची साल चिरून त्यानं मला आत बसवलं आणि वर पट्टी गुंडाळली. खुंट कोणाचा, कुठला, हे मी कधी विचारलं नाही. पायाखालच्या पायरीला कोणी नाव विचारतं का? त्यानं खालून पाणी पाठवायचं आणि मी वर फुलायचं, असा आमचा संसार.

मला विकत आणलं घड्याळवाल्यांनी. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. डोळ्यात भिंग खोचून दिवसभर खाली मान घालून बसतात. त्यांची बायको शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून सगळी गल्ली तिला बाई म्हणते. या घरात राहायला आल्यावर बाई सहज म्हणाली होती, "दाराशी एक लाल गुलाब हवा होता." दुसऱ्याच दिवशी घड्याळवाले मला काखोटीला मारून हजर. बोलले काहीच नाहीत. ते बोलणाऱ्यांतले नव्हेत, खड्डा खणणाऱ्यांतले.

ते दिवस माझे. बाई रोज शाळेला निघताना माझं एक फूल तोडायची. कधी केसात, कधी टेबलावरच्या पेल्यात. तुम्हाला वाटेल, तोडलेलं फूल म्हणजे दुखत असेल. अहो, दुखत होतं, पण कौतुकाचं दुखणं ते. घड्याळवाले दुकानातून मान वर करून तेवढं एक बघायचे आणि परत चाकांत शिरायचे.

मग बाई निवृत्त झाली आणि रानाच्या नादी लागली.

सुरुवातीला मी मनावर घेतलं नाही. कोणाबरोबर तरी टेकडीवर फिरायला गेली, आली. पण हळूहळू तिनं स्वतःच दर रविवारी माणसं न्यायला सुरुवात केली. त्याला नाव दिलं रानफेरी. गळ्यात दोरीला भिंग, पायात जाड बूट आणि मागे दहा-पंधरा जण. बँकेतला कारकून, नर्स, दोन मैत्रिणी, एक निवृत्त ड्रायव्हर, असे कोणीही. निघायच्या आधी आमच्याच फाटकाशी जमायचे आणि बाई त्यांना नियम सांगायची.

"नाव विचारायचं नाही. कुठलंही झाड दिसलं की आधी त्याच्यासमोर बूड टेकायचं. पाच मिनिटं गप बसून बघायचं. नाव मी मग सांगेन. नाव कळलं की माणूस बघायचं थांबतो."

हे ती माझ्याकडे पाठ करून सांगायची. मी तिथेच फुललेला, ओळखीचा, नाव माहीत असलेला. माझ्यासमोर कोण बूड टेकणार?

आणि कौतुक कोणाचं, तर आंबुटीचं. केन्याचं. तो मेला आघाडा, जो लोकांच्या कपड्यांना चिकटून फुकट गावभर फिरतो, त्याचं. बाई घरी येऊन सांगायची, "अहो, केन्याचं फूल भिंगातून पाहिलंय का कधी? निळा रंग असा, की बघत राहावं." मी लाल आहे, चांगला मुठीएवढा आहे, मला बघायला भिंग लागत नाही, हा काय माझा दोष झाला?

सगळ्यात लागलं ते पुढचं. बाईनं मला तोडणं सोडलं. म्हणाली, "फूल झाडावरच बरं." रानात शिकली असणार. माझी फुलं फांदीवरच वाळायला लागली. गल्लीतले म्हणत, बाई किती दयाळू. मला विचाराल तर सवतीच्या घरून आणलेली दया होती ती.

एक खरं सांगतो, जळणारा मी एकटा नव्हतो. रविवारी बाई गेली की घड्याळवाले दुकान उघडून बसायचे. गिऱ्हाईक नसायचंच. मग तांब्या घेऊन माझ्यापाशी यायचे आणि आळ्यात पाणी सोडत म्हणायचे, "गेली. तणाची वरात काढायला गेली." मी पानं हलवायचो. आमचं छान जमायचं. दोघांचं दुखणं एक, आणि डॉक्टर टेकडीवर.

एका रविवारी त्यांनी काहीतरी ठरवलेलं दिसलं. शेणखताची पाटी आणली, कात्री आणली, माझ्याभोवती उकिडवे बसले. "आपण असा गुलाब करायचा," ते पुटपुटले, "की तिनं बूट काढून इथेच बसलं पाहिजे."

माझ्या बुडाशी तेव्हा एक नवा फुटवा निघाला होता. सरळ, हिरवागार, जोमदार. घड्याळवाल्यांना तो फार आवडला. त्याला काठीचा आधार दिला. त्याला ऊन मिळावं म्हणून माझ्या वरच्या दोन जुन्या फांद्या कापल्या.

मला तेव्हाच कळलं होतं. तो फुटवा माझा नव्हता. कलमाच्या जोडाखालून, थेट खुंटातून आला होता. माझ्या पानात पाच पानुल्या, त्याच्या पानात सात. काटे बारीक, रंग फिका. अख्खा जन्म केसाएवढ्या स्प्रिंगा बसवण्यात घालवलेला माणूस, पण पानुल्या काही मोजल्या नाहीत. मोजणार कसा? ईर्ष्येला पेटलेला माणूस जे हवं तेच बघतो.

तेव्हापासून रोज सकाळी तांब्यातलं पाणी त्याच्या बाजूला. बोलणंही त्याच्याशीच. "वाढ रे बाबा, वाढ." बाई रानाला गेली ते एक वेळ सोसलं होतं. आता राहिलेला माझा एकुलता एक माणूसही माझ्याच पायातून उगवलेल्याकडे गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर फुलं येईनात, कळ्या बोराएवढ्या होऊन गळायच्या. आणि तो खालचा बघता बघता माझ्या डोक्यावरून गेला.

मग त्याला कळ्या आल्या. झुपकेच्या झुपके. घड्याळवाले सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारू लागले. आणि एके दिवशी त्या उमलल्या. पांढऱ्या, पाच पाकळ्यांच्या, रुपयाएवढ्या.

शिवणकाकू खिडकीतून वाकून म्हणाल्या, "भाऊजी, गुलाबाला कापूस लागला की काय?"

घड्याळवाले फुलांकडे बघत उभे. कात्री हातात तशीच.

बाई बाहेर आली. बघितलं. आणि काय केलं असेल? तिथेच, फरशीवर, बूड टेकलं. गप बसून बघत राहिली. ज्यासाठी मी इतकी वर्षं झुरलो, ती पाच मिनिटं माझ्यासमोर बसून तिनं त्याला दिली.

"अहो, हा तर ओढ्याकाठचा रानगुलाब," ती म्हणाली. "टेकडीमागं आम्ही दर वर्षी याला बघायला जातो. नर्सरीवाले खुंटासाठी तिथूनच फांद्या नेतात. तुम्ही आपल्या दारात वाढवलात."

"मी लाल गुलाब वाढवत होतो."

"वाढवलात तो हा. आणि काय सुंदर वाढवलाय."

तिला हसू आलं. तिथे तिचं चुकलं. घड्याळवाल्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मग आता?"

"एका खुंटावर दोघं नांदत नाहीत हो. खालचा जोरकस असतो, सगळा रस तोच ओढतो. राहिला तर वरचा महिन्या-दोन महिन्यांत जाईल."

"म्हणजे माझा गुलाब काढणार तू."

बाईनं मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवली.  तिच्या एका बाजूला ओढ्याकाठचा होता आणि दुसऱ्या बाजूला मी, चार पानांचा, कापलेला.

"काढ," घड्याळवाले म्हणाले. "नाहीतरी रविवारी या घरात माझं आणि त्याचं काय काम असतं? तो गेला की मीही जातो." आणि आत जाऊन उगीचच बंद घड्याळांना चाव्या देत बसले.

शिवणकाकूंची खिडकी उघडी होती हे वेगळं सांगायला नको. बातमीचा उगम हा असा. तिचं दुसरं टोक इस्त्रीवाल्याच्या पदरात पडलं होतं, ते दोन दिवसांनी माझ्याही कानावर आलं. "आणि घड्याळवाले तर घर सोडून चालले," असं होतं ते.

रविवार उजाडला. रानफेरीची माणसं फाटकाशी जमली, पण बाई बूट न घालताच बाहेर आली. हातात खुरपं. माझी उरलीसुरली पानं गार पडली.

"आज टेकडी नाही," ती म्हणाली. "आज इथेच बसायचंय." मग दुकानाकडे वळून हाक मारली, "अहो, बाहेर या."

"गिऱ्हाईक आहे," आतून आवाज.

"कोणी नाही आत," शिवणकाकूंनी वरून खात्री दिली.

घड्याळवाले आले. घाईत भिंग कपाळावर तसंच राहिलेलं. बाई सगळ्यांना म्हणाली, "हा रानगुलाब मी फक्त दाखवते. वाढवलाय यांनी. कलमाखालचा फुटवा ओळखला नाही हे खरं, पण तो असा फोफावलेला मीसुद्धा ओढ्यावर पाहिलेला नाही." मग त्यांच्याकडे वळून हळू आवाजात, "मला दोघं हवेत. हा मुळासकट वेगळा करता आला तर जगेल. माझा हात जाड आहे, खुंट चिरला तर दोघंही जातील. तुमचा हात लागेल."

घड्याळवाल्यांनी तिच्या हातातलं खुरपं घेऊन बाजूला ठेवलं. मग गुडघे टेकले.

माती त्यांनी बोटांनी बाजूला केली. कपाळावरचं भिंग डोळ्यात खोचलं आणि जिथून तो फुटवा निघाला होता ती जागा शोधली.  त्यांनी खिशातलं घड्याळकामाचं पातळ पातं काढून टेकवलं आणि त्याच्या वाटणीची थोडी मुळं त्याच्याकडे ठेवून, बाकी माझ्याकडे ठेवून, त्याला सोडवलं. दुखलं, नाही कशाला म्हणू? पण त्या वेळी मला उगीच वाटून गेलं, की आयत्या बिळावर नागोबा नेमका कोण? ती मुळं त्याची होती. वर येऊन बसलो होतो मी.

उठायच्या आधी घड्याळवाल्यांनी भिंगातून एक पांढरं फूल बघितलं. बघतच राहिले. नर्स म्हणाली, "काका, पाच मिनिटं झाली."

"थांबा हो," ते म्हणाले. "यात आत कितीतरी आहे."

त्याला माझ्यापासून हातभर अंतरावर लावला. दहा-बारा दिवस मान टाकून होता. मला बरं वाटलं, खोटं बोलत नाही. मग सावरला. मीही सावरलो.

तर शिवणकाकूंची बातमी अशी निघाली. मुळासकट काढलं, पण मला नाही. रानातलं झाड लावलं, पण माझ्या जागी नाही, शेजारी. आणि घड्याळवाले घर सोडून जातात, ते फक्त रविवारी. शटर ओढतात, जाड बूट घालतात, बाईच्या मागे टेकडीवर जातात आणि दुपारी पायांना चिखल घेऊन जेवायला हजर. काकू आता सांगत फिरतात, "मी म्हटलंच होतं."

म्हणजे बघा, रविवारी माझ्याजवळ बसून कुरकुर करणारा होता, तोही गेला. पाणी शिवणकाकू घालतात, वरून, खिडकीतून, अर्धं मातीत अर्धं भिंतीवर. मधमाश्या सगळ्या त्या पांढऱ्याकडे. माझ्यावर यंदा दोनच फुलं आहेत. त्यातलं एक परवा बाईनं न बोलता तोडलं आणि दुकानात घड्याळवाल्यांच्या पेल्यात ठेवलं. ते कोणाला सांगू नका, शेजारच्याला कळेल.

तुम्ही कधी आमच्या गल्लीत आलात, तर त्याला बघा, सगळेच बघतात. पण मग थोडं इकडे सरका आणि माझ्यासमोरही बूड टेका. माझं नाव तुम्हाला माहीत आहे, हे थोडा वेळ विसरा.

रविवारी फाटक लावताना घड्याळवाले मागे वळून म्हणतात, "येतो रे." आम्ही दोघं हातभर अंतरावर. मी तरी धरून चालतो, की ते मलाच म्हणतात.