बंद खडक

तिचा दादा तिला मासेमोजणी म्हणायचा. चारचौघांत सांगायचा की आमची बहीण पाण्याखाली माशांची हजेरी घेते, एखादा गैरहजर असला की आईबापांना बोलावून घेते. सांगून आधी तोच हसायचा.

तिचं काम खरंच तसं होतं. प्रवाळाच्या खडकावर दोरी अंथरायची, तिच्या कडेने सावकाश पोहायचं आणि दोन्ही बाजूंना दिसेल त्या माशाची जात आणि लांबी पाटीवर टिपायची. किनाऱ्याजवळच्या मोठ्या खडकावर मासळी संपत आली आहे, हे मत्स्य खात्याला तिनेच कळवलं होतं. पोपटमासे बोटभर लांबीचेच उरले होते, हेकरूसारखा मोठा मासा तर औषधालाही सापडत नव्हता. मग खडकाभोवती हद्द दाखवणारे पिवळे तरंगते बोये लागले. काही वर्षं आत जाळं नाही, गळ नाही, नांगरसुद्धा टाकायचा नाही.

दादाला त्यामुळे मासेमारीसाठी लांबच्या पाण्यात जावं लागलं. तो तिच्यावर चिडला नाही. विरोधातलं माणूस घरातलंच असलं की भांडण जेवताना उरकता येतं, असं म्हणाला. पुढच्याच वर्षी वादळात त्याची होडी सापडली. काही दिवसांनी तिची एक फळी किनाऱ्याला लागली. दादा मिळालाच नाही.

तिला कुणी बोल लावला नाही. आईने नाही, वहिनीने नाही, धाकट्या भावानेही नाही. घरात तिच्यासमोर समुद्राचा विषयच कुणी काढेना. ती लवकरच कामावर रुजू झाली. बॉस म्हणाले, हवी तेवढी रजा घ्या. रजा घेऊन करायचं काय, हे तिला सुचेना. चहा गार झालाय हे तिला कप विसळताना कळायचं. लोक विचारायचे, बरी आहेस ना. बरी आहे, म्हणायची, आणि ते खोटंही नव्हतं. वाईट असं काही वाटतच नव्हतं.

खडकावर मात्र मासे परतत होते. आधी लहान मासळीचे थवे आले, मग शेवाळ खरवडत फिरणारे थोराड पोपटमासे. एकदा हाताएवढा हेकरू कपारीतून निघून थेट तिच्या डोळ्यांवरच्या काचेसमोर येऊन थांबला. इतकी वर्षं कुणी मारलं नव्हतं, त्यामुळे त्याला माणसाची भीतीच उरली नव्हती. पूर्वी असं काही दिसलं असतं तर वर येऊन तिने सगळ्या बोटीला ऐकवलं असतं. तिने त्याची लांबी लिहिली आणि दोरी धरून पुढे गेली.

बंदीची मुदत संपत आली तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. खडक उघडायचा की बंदच ठेवायचा, हे मच्छीमारांनी ठरवायचं होतं. तिने आकडे वाचून दाखवले. मासे वाढलेत, मोठे झालेत. मोठी मादी लहानीपेक्षा कितीतरी पट अंडी घालते. त्यातली पिल्लं प्रवाहाबरोबर बोयांबाहेर जातात, म्हणून बाहेरच्या जाळ्यांतही फरक पडलाय. तिचा आवाज स्टेशनवरच्या घोषणेसारखा येत होता.

धाकटा भाऊ उठला. बोयांच्या कडेला त्याला हल्ली चांगली मासळी लागत होती. ताट समोर वाढलेलं असताना आम्ही उपाशी का बसायचं, असं त्याने विचारलं. बऱ्याच माना हलल्या.

मग मागच्या बाकावरून वहिनी उभी राहिली. ती सभेला येईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"उघडलात तर वर्षभर चंगळ होईल," ती म्हणाली. "मग खडक पुन्हा रिकामा, आणि तुम्ही सगळे पुन्हा लांब जाणार. आता मला कुणाची वाट बघायची नाही. पण तुमच्या घरी बायका आहेत."

हात वर करायला सांगितले तेव्हा धाकट्याने थोडा वेळ घेतला. मग खाली बघत त्यानेही हात वर केला, बंद ठेवण्याच्या बाजूने. खडक बंदच राहिला.

बाहेर पडल्यावर दोघी बरोबर चालत होत्या. आपल्या घराच्या वळणावर वहिनी थांबली.

"वन्सं, मी तुमच्यासाठी बोलले नाही."

"माहीत आहे."

"तुमच्यावर राग आहे माझा. खडक बंद झाला नसता तर हे गेले नसते. तुमचं चुकलं असंही म्हणवत नाही मला, पण राग आहे तो आहे."

दादा गेल्यापासून हे कुणीतरी म्हणावं म्हणून आपण थांबलो होतो, असं तिला तेव्हा जाणवलं. आता रडू येईल असं वाटलं. आलं नाही.

"चला, जेवून जा," वहिनी म्हणाली. "आईंना फोन करून सांगा."

भात-आमटी होती. वहिनीने न विचारता वाढलं आणि समोर बसून स्वतःही जेवली. फारसं बोलणं झालं नाही. आमटीत मीठ कमी होतं. ते तिला पहिल्याच घासाला कळलं, आणि तिने मीठ मागून घेतलं.