काचेची पट्टी तुटली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे आणि सध्या फार घाबरलेलो आहे. आमच्या भव्य चर्चमध्ये वेदीसमोर उंच कमान आहे. तिच्या अगदी माथ्यावर, मधोमध, पाचरीच्या आकाराचा जो दगड दिसतो तो मी.

हे चर्च बांधायला एकतीस वर्षे लागली. आधी लाकडी साचा उभारला, त्यावर दोन्ही बाजूंनी दगड रचत आणले आणि शेवटी मला मध्ये ठोकून बसवले. कमानीतला प्रत्येक दगड खाली पडायला बघतो. शेजारी त्याला दाबून धरतात, म्हणून कोणीच पडत नाही. तो दाब भिंतींवर जातो आणि भिंतींना बाहेरून दगडी टेकू आहेत. सांध्यांत चुना होता. भिंत ओल प्यायची आणि पुन्हा वाळायची. रंगीत काचांतला उजेड माझ्यावर लाल-निळा पडायचा. लोक मान वर करून बघायचे. मला वाटायचे, माझ्याकडेच बघतात.

मग एका गवंडीकाकांनी भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवला. दिसायला चकाचक. पण आत मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट उरली नाही आणि चुन्याचा भुगा होऊ लागला. भिंती केसभर बाहेर सरकल्या, मी केसभर खाली उतरलो. माझ्या अगदी खालीच गाणाऱ्या मुलांचा बाक होता. मुलांनी सूर लावला की मी थिजून जायचो.

अलीकडे काकांची इंजिनिअर लेक आली. तिने भिंतीला गेलेल्या तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली. भिंत हलली तर काच तुटणार. शनिवारी सकाळी ती तुटली.

"पट्टी गेली, बाबा," ती बांबूच्या परांचीवरून म्हणाली.

"काचच ती. धक्का लागला असेल कुणाचा."

"चाळीस फूट उंचीवर?"

"तू शिकून आलीस आणि भिंतींनाही ताप यायला लागला."

"ताप होताच, बाबा. मी फक्त मोजला."

खालून फादर म्हणाले, "उद्याची प्रार्थना तेवढी होऊ द्या. सोमवारपासून बंद ठेवू."

काकांनी तड्यातून दगडांच्या सांध्यात बोट घातले. ते पेरभर आत गेले. बाहेर आले तेव्हा त्याला ओला भुगा चिकटला होता. काका परांचीवरून खाली वाकले.

"फादर, गिलावा मीच केला होता. चुकलं माझं. माझी नात त्या बाकावर बसते. उद्या कुणालाही आत घेऊ नका."

दुपारी माझ्याखाली लाकडी आधार लागले आणि दारावर दोर बांधला गेला. आता काका आपलाच गिलावा छिन्नीने उतरवत आहेत. प्रत्येक ठोक्याला माझा थरकाप होतो. नवा चुना घट्ट व्हायला महिने लागतील. तोवर मुले अंगणात गातात.

मित्रांनो, भिंतीला तडा दिसला तर त्यावर रंग फासू नका, कोणा जाणत्याला दाखवा. आणि दोर ओलांडून कोणी आत येताना दिसले, तर हाक मारून त्याला परत बोलवा. मला हाक मारता येत नाही.