बारावर कापणारी कात्री

"आजी, तो हात जरा वर धरा. हां, तुटकी बोटं दिसू द्या," फोटोवाला म्हणाला.

नव्या तेलाच्या समारंभासाठी इरानेदी प्रयोगशाळेतून धावत कंपनीच्या सभागृहात आली, तर समोर तिची आई. दोना फिलोमेना. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या मारान्याओहून तीन दिवस बसने आलेली. कंपनीने गालिच्यावर बसवलेली, मांडीखाली कुऱ्हाडीचा दांडा, पातं वर, हातात सोटा. पुढ्यात बाबासू ताडाच्या टणक तेलबी नारळांचा ढीग. मागच्या फलकावर लिहिलं होतं: या हातांना आता विश्रांती.

"हिला कुणी बोलावलं?"

"मी," कंपनीचे प्रमुख डॉक्टर ओतावियो हसले. "तुला सुखद धक्का द्यायचा होता."

गेली नऊ वर्षं इरानेदी एकाच विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, मागे होती. जिवाणू उसाच्या साखरेवर वाढताना मेदाम्लाची, म्हणजे तेलाच्या मूळ घटकाची, कार्बन-साखळी लांबवत नेतो आणि हे विकर कात्रीसारखं ती तोडतं. पूर्वी ते सोळाव्या कार्बनावर तोडायचं. तिने त्याची घडण बदलत बदलत त्याला बाराव्यावर तोडायला लावलं. बाबासूच्या तेलातलं मुख्य मेदाम्ल हेच बारा कार्बनांचं, साबणवाल्यांना हवं असलेलं. नारळ फोडताना आईची दोन बोटं कुऱ्हाडीने नेली, तेव्हापासून तिच्या डोक्यात हेच होतं.

"साबणवाल्यांचा माणूस आलता गावात," आई म्हणाली. "म्हनला, आता तुमचं तेल नको. टाकीत किडे तेल करत्यात. इरा, ते किडे तुझेच का?"

इरानेदीच्या अंगाचा तिळपापड झाला. "डॉक्टर, गावच्या बायकांचं तेल घेणं चालू राहील, असं तुम्ही म्हणाला होतात!"

"बघू, म्हणालो होतो. आणि हे त्यांच्याच भल्यासाठी ना?"

"मग हिला कशाला बसवलंय इथं? तमाशाला?"

"हळू बोल. पाहुणे आलेत."

ती आईशेजारी बसली. "आई, तुझ्या बोटांसाठीच केलं गं मी हे."

"माझ्या बोटांचं तुला कुनी इचारलं? आठ बोटांनी तुला शिकवली मी." आईचा आवाज चढला. "गावातल्या साऱ्या बायांच्या पोटावर पाय दिलास, आन् वर माझं नाव सांगतीस!"

तेवढ्यात भाषणासाठी इरानेदीचं नाव पुकारलं गेलं.

ध्वनिक्षेपकासमोर उभी राहून ती म्हणाली, "मी एक कात्री बनवली. चांगली बनवली. पण आमच्या गावच्या बायका हेच तेल पिढ्यान् पिढ्या काढतात. आजपासून त्यांचं तेल कोणी घेणार नाही. त्यातली एक तुम्ही गालिच्यावर बसवली आहे, आणि फलकावर विश्रांती लिहिलंय! विश्रांती नव्हे, उपासमार म्हणा. लाज वाटू द्या. मलाही वाटते आहे."

ध्वनिक्षेपक बंद केला गेला. तरी ती ओरडतच राहिली. शेवटी दोघा सुरक्षारक्षकांनी तिला दाराबाहेर काढलं. मागून आई आली, कुऱ्हाड पिशवीत भरून.

कंपनी होती त्या कांपिनास शहराच्या बसस्थानकावर इरानेदी म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर."

"येऊन काय करशील? नारळ फोडता येतं तुला?"

"नाही."

"मग ऱ्हा इथंच. आन् त्यास्नी गप बसू देऊ नको. आज वरडलीस तशी वरडत ऱ्हा."

बस लागली. आईने पिशवी तिला उचलू दिली नाही. स्वतःच ओढत वर चढली, खिडकीशी बसली. इरानेदीने काचेवर हात ठेवला. आईने एकदा पाहिलं, मग ऊन अडवायला ओढावा तसा पडदा ओढून घेतला.