चौदा नंबरचा शिक्का

औषधाच्या बाटल्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर दोन तऱ्हेच्या बायका बसत. निळ्या कोटातल्या कायम आणि राखाडी कोटातल्या कंत्राटी. काम एकच. पट्ट्यावरून आलेली बाटली उचलायची, ट्यूबलाइटसमोर दोनदा फिरवायची, तडा किंवा बुडबुडा दिसला की लाल टोपलीत टाकायची. पण निळ्या कोटाच्या खुर्चीला पाठ होती, राखाडी कोटाला स्टूल. निळ्या कोटाला सुपरवायझर 'अहो बाई' म्हणायचा, राखाडीला 'ए'.

शिवाय शिक्का. भरलेल्या खोक्यावर तपासणारीचा नंबर उमटवायचा, म्हणजे पुढे तक्रार आली तर कोणाला धरायचं ते कळतं. हा शिक्का फक्त कायम बाईला मिळे. कंत्राटी बाई ज्या शिक्क्याच्या शेजारी बसेल त्याच्यासाठी तपासायची. मेहनत हिची, नंबर तिचा. तिथे याला कोणी अन्याय म्हणत नसे, पद्धत म्हणत.

दुर्बीण चौदा नंबरच्या शेजारी बसे. काचेतला केसाएवढा तडा तिला हातभर अंतरावरून दिसायचा, म्हणून हे नाव पडलं होतं. अकरा वर्षं ती त्या स्टुलावर होती, पण कागदावर तिची वर्षभराचीसुद्धा नोकरी नव्हती. दर अकरा महिन्यांनी कंत्राटी बायकांना पंधरा दिवस घरी बसवत आणि मग नव्या म्हणून पुन्हा घेत. नव्या यादीत नाव येण्यासाठी कायम बाईने सुपरवायझरकडे शब्द टाकावा लागे. दुर्बिणीसाठी चौदा नंबरच्या ताई दर वेळी शब्द टाकायच्या.

ताई मायाळू होत्या, हे खरंच. डब्यातलं अर्धं हिला द्यायच्या, हिच्या मुलीला पुस्तकं घ्यायच्या. चार वर्षांपूर्वी त्यांनी हिला बाथरूममध्ये नेलं, दार लावलं आणि रडत सांगितलं की साखरेने डोळे गेले, बाटली दिसते पण बाटलीतलं काही दिसत नाही. निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती. डॉक्टरांपर्यंत गोष्ट गेली तर घरी बसवतील, पेन्शन अर्धी होईल. "तू आहेस म्हणून मी आहे गं," असं म्हणून त्यांनी हिचे दोन्ही हात धरले.

त्या दिवसापासून दुर्बीण दोघींच्या बाटल्या बघू लागली. आपल्या आणि ताईंच्या. ताईंनी बाटली उचलायची, फिरवल्यासारखं करायचं आणि हिच्यासमोर ठेवायची, हिने बघून परत ताईंपुढे टेबलावर आखलेल्या चौकोनात लावायची, ताईंनी खोक्यात भरून शिक्का मारायचा. हिला घरी बसवलेले पंधरा दिवस ताईही रजा काढायच्या. चार वर्षांत चौदा नंबरवर एक तक्रार आली नाही. दारातल्या फळ्यावर उत्कृष्ट तपासनीस म्हणून ताईंचा फोटो लागला, तो उतरलाच नाही. दुर्बीण येता-जाता त्या फोटोकडे बघून हसायची. अजून ती हसू शकत होती.

आणि मग तपासणीत एक कायम जागा निघाली.

तिच्या घरात त्या एका जागेवर सगळ्यांचा जीव टांगला होता. नवरा कामाला होता तो छापखाना बंद पडून दोन वर्षं झाली होती. सुरुवातीला तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून अर्ज घेऊन निघायचा, आता शर्ट घालत नव्हता. स्वयंपाक करायचा, भांडी घासायचा आणि शेजारच्यांनी दार वाजवलं की झटकन पेपर उघडून बसायचा. जागा निघाल्याचं कळल्यावर त्याने स्वतः तिचा अर्ज लिहिला, छापल्यासारख्या अक्षरात. "अनुभव: अकरा वर्षं," असं त्याने लिहिलं. ऑफिसातल्या मॅडमनी ते खोडलं. "तुमच्या नावावर शिक्का नाही, म्हणजे अनुभवही नाही. परीक्षा द्या."

परीक्षेला दोघीच उरल्या. एक दुर्बीण, दुसरी बाहेरून आलेली, डिप्लोमा झालेली तरुण मुलगी. दोघींना तोच शंभर बाटल्यांचा ट्रे मिळणार होता. खराब बाटली सुटली तर एक गुण कापायचा. चांगली बाटली खराब म्हणून काढली तर दोन, कारण त्यात कंपनीचं नुकसान. ट्रे कोणी तयार करायचा? अर्थात फळ्यावर जिचा फोटो तिने. ताईंनी.

आधी मुलीची परीक्षा झाली. मग दुर्बीण बसली. अर्ध्या तासाचं काम तिने बारा मिनिटांत संपवलं आणि बारा बाटल्या बाजूला काढल्या. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी ताईंनी दिलेला उत्तरांचा कागद उघडला.

"खराब अकरा आहेत. तुम्ही बारा काढल्यात."

"बाराच आहेत, साहेब. ही बघा ना. मानेच्या कड्याखाली तडा आहे."

साहेबांनी बाटली उजेडात धरली, चष्मा वर केला, खाली केला. मॅडमनीही बघितलं. दोघांना काही दिसेना.

"गरम पाणी ओतून बघा, साहेब. लगेच तुटेल."

"बाई, इथे काय पाणी तापवत बसायचं? आपल्या अनुभवी बाईंना बोलवा."

ताई यायच्या आतच दुर्बिणीच्या लक्षात आलं. अकरा बाटल्या ताईंनी लाल टोपलीतून घेतल्या असणार, आणि चांगल्या घेतल्या त्या आपल्यापुढच्या चौकोनातून. त्या चौकोनात लागलेली बाटली हिने बघितलेलीच असते, ही चार वर्षांची सवय. पण ट्रे लावला त्या दिवशी सकाळी दुर्बीण मॅडमच्या दारात अर्ज घेऊन उभी होती. चौकोनातल्या बाटल्या कोणीच बघितल्या नव्हत्या.

ताई आल्या. साहेबांनी विचारलं तसं त्यांनी बाटली घेतली, ट्यूबलाइटसमोर दोनदा फिरवली, अगदी शिकवल्यासारखी. त्यांचं बोट नेमकं तड्यावर होतं. दुर्बीण कधी चुकत नाही हे त्या खोलीत फक्त त्यांनाच माहीत होतं. दुर्बीण मनातल्या मनात म्हणत होती, ताई, एवढं एक. खराब आहे म्हणा, नजरचुकीने राहिली म्हणा. माणूस एकदा चुकतोच की.

पण जिच्याकडून चार वर्षांत एक बाटली सुटली नाही, तिच्याकडून परीक्षेच्याच ट्रेमध्ये कशी सुटली, असं कोणीतरी विचारलं असतं. ताईंना तो प्रश्न हिच्याआधी ऐकू आला.

"चांगली आहे, साहेब," ताई म्हणाल्या. हिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुम्हाला काही म्हणायचंय?" मॅडमनी विचारलं.

म्हणायचं होतं. यांना दिसत नाही, एवढं म्हटलं की झालं. पण समोर निळा कोट उभा होता आणि बाहेर त्याचा फोटो. राखाडी कोटावर कोण विश्वास ठेवणार? आणि ठेवला असता तर आयुष्यभर काम करून ही बाई अर्ध्या पेन्शनवर घरी बसली असती. दुर्बिणीला त्या डब्यातला घास आठवला आणि स्वतःचाच भयंकर राग आला.

"नाही, मॅडम."

मुलीला दहा सापडल्या होत्या, एक सुटली होती. एक गुण कापला. हिचे दोन कापले. मुलगी कायम झाली.

चहाच्या सुट्टीत ताईंनी तिला कोपऱ्यात गाठलं. "अगं, तुझी पुढच्या वेळी होईल. तुझं वय आहे. माझी वेळ गेली की गेली." दुर्बिणीने चहा तसाच ठेवला. नवऱ्याने घरी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बोलली का नाहीस?" मग तोच म्हणाला, "छापखाना बंद झाला तेव्हा मी तरी कुठे बोललो."

मुलगी कडक इस्त्रीचा निळा कोट घालून दुर्बिणीच्या दुसऱ्या बाजूला बसली. वाईट नव्हती ती, घाबरलेली होती. पट्टा पुढे पळायचा आणि तिच्यासमोर बाटल्या साचायच्या. दुसऱ्या आठवड्यात तिने ट्रे हळूच हिच्याकडे सरकवला. "काकू, एवढं बघता का? मी शिक्का मारते."

सुपरवायझर मागेच होता. "बघून दे गं. या मॅडम नवीन आहेत. तुला काय, दिसतंच आहे."

अकरा वर्षांत न फुटलेलं तोंड तेव्हा फुटलं. "बघणार नाही. ज्याचा शिक्का, त्याने बघावं. दिसत नसेल तर शिक्का मला द्या."

पट्टा चालूच होता, पण बायकांचे हात थांबले. ताईंची मान इतकी खाली गेली की कपाळ टेबलाला लागायचं राहिलं. सुपरवायझर रागावला नाही. तो हसला, आणि कंत्राटी माणसासाठी ते रागापेक्षा वाईट असतं.

महिनाअखेरीस अकरा महिने भरले. पंधरा दिवस घरी बसून दुर्बीण सोळाव्या दिवशी फाटकावर आली. वॉचमनने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. "नाव नाही तुमचं."

"नीट बघा."

"दोनदा बघितलं."

कंत्राटी माणसाला कोणी काढत नाही. त्याचं नाव येत नाही, एवढंच. ती फाटकाला धरून उभी राहिली. दुपारी जेवणाची घंटा झाली आणि निळा कोट सावरत, धापा टाकत ताई फाटकाकडे धावत येताना दिसल्या. त्या कधी धावत नसत. पायाखालचं दिसत नसल्यामुळे दोनदा ठेचकाळल्या. दुर्बिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, शेवटी ताई बोलल्या. सगळं सांगून टाकलं असणार त्यांनी.

ताईंनी गजांतून हात घालून तिचा हात घट्ट धरला.

"शब्द टाकायला गेले होते गं मी," त्या म्हणाल्या. "तो मला म्हणाला, बाई, तुमचं काम एवढं चोख, तिच्यावाचून तुमचं काय अडलंय? आता यावर मी काय सांगणार होते?"

ताईंनी हात सोडला नाही, उलट आणखी जवळ येऊन, आजूबाजूला कोणी नाही ना हे बघितल्यासारखं करून, रडवेल्या आवाजात विचारलं,

"माझं अजून दीड वर्ष राहिलंय. आता माझ्या बाटल्या कोण बघणार?"