साहेबाची खुर्ची

मधुवंती देशकरांच्या संध्याकाळच्या वर्गात खुर्ची एकच होती. बाकी सगळे सतरंजीवर बसत. नंदनवन वस्तीतल्या समाजभवनाची ती प्लास्टिकची खुर्ची, एक हात मोडलेला, पण तिला मान होता. कारण तिच्यावर साहेब बसायचा.

वर्ग मोठ्या माणसांचा होता. भाजी विकणाऱ्या यमुताई, धुणीभांडी करणाऱ्या बाया, दोन रिक्षावाले, एक रखवालदार. मधुवंतीबाई शाळेत विज्ञान शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी या लोकांना अक्षरं शिकवायला घेतली, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की अक्षरं आली तरी माणसं सरकारी खिडकीपुढे मुकी होतात. समोरचा खेकसला की शिकलेलं सगळं घशाखाली जातं. म्हणून त्यांनी खेळ काढला. एकानं खुर्चीवर बसून साहेब व्हायचं. दुसऱ्यानं समोर उभं राहून सांगायचं, मी कोण, माझं काम काय, कोणत्या नियमानं ते व्हायला हवं. साहेब टाळाटाळ करणारच. मग मान खाली न घालता शेवटचं वाक्य म्हणायचं, “हे मला लेखी द्या.”

सगळ्यांत झकास साहेब व्हायचा चंद्रभान. कुहीकडच्या शेतकरी घरातला, बेसाच्या एका नव्या इमारतीवर रखवालदार. दिवसभर गेटवर उभं राहून त्यानं साहेब लोक पोटभर पाहिले होते. एरवी ‘मले’, ‘तुले’ बोलणारा हा माणूस खुर्चीत बसला की पुस्तकातलं मराठी बोलू लागे. नसलेला चष्मा नाकावर सरकवून म्हणे, “नाव मी विचारीन. तुम्ही फक्त उत्तर द्यायचं.”

“साहेब, पैसे नाही माह्याजवळ,” यमुताई म्हणायच्या. “वांगे चालतीन का?”

“काटेरी आहेत?” चंद्रभान गंभीरपणे विचारायचा. “मग घरी पाठवा. ऑफिसात नको.”

सतरंजीवर सगळे हसून हसून लोळायचे. त्याची बायको जयवंता तेव्हा वर्गात येत नसे. ती दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसायची.

एका एजंटानं त्याला थायलंडची नोकरी मिळवून दिली. गोदामात पॅकिंगचं काम, राहणं-खाणं मालकाचं. जाण्याआधी तो संत्रा बर्फीचा डबा घेऊन वर्गात आला. पोचल्यावर त्याचे दोन फोन आले. दुसऱ्यात तो एवढंच म्हणाला की इथून आता नदीपलीकडे नेऊन राहिले. त्यानंतर आठ महिने काही नाही. एजंटाचं दुकान बंद. जयवंता पोलिसांत गेली, तर तिथल्या माणसानं सांगितलं, सज्ञान आहे, स्वतःच्या पासपोर्टवर स्वतःच्या मर्जीनं गेला आहे, हरवला कसा म्हणायचा? करील फोन.

तेव्हापासून जयवंता वर्गात चंद्रभानच्या जागेवर बसू लागली. तिला फार काही शिकायचं नव्हतं. नवरा जिवंत आहे का, एवढं विचारता यावं आणि विचारलेलं कागदावर राहावं, यासाठी ती आली होती. खेळात रोज तिचं एकच काम असे.

“माझं नाव जयवंता चंद्रभान मेश्राम. माझा नवरा परदेशात हरवला आहे. त्याची तक्रार…”

इथे तिचा आवाज बसायचा. यमुताई पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, “बोल वं, साहेब काही वाघ नाही होय.”

त्या मंगळवारी दुपारी मधुवंतीबाई घरात एकट्याच होत्या. अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. त्यांनी उचलला. पडद्यावर खाकी गणवेशातला अधिकारी, मागे निळा पडदा, भिंतीवर कसलंसं बोधचिन्ह. असले फोन येतात, घरबसल्या अटक झाली म्हणून म्हाताऱ्या माणसांना लुबाडतात, हे त्यांनी वर्गात शिकवलं होतं. फोन बंद करायला त्यांचं बोट खाली आलंसुद्धा.

मग अधिकाऱ्यानं नाकावर नसलेला चष्मा सरकवला.

चेहरा निम्मा झाला होता. समोरचा एक दात नव्हता. बाईंच्या तोंडून नाव निघणार एवढ्यात तो म्हणाला, “नाव मी विचारीन. तुम्ही फक्त उत्तर द्यायचं.”

त्याची नजर पडद्याच्या डाव्या बाजूला गेली आणि परत आली. तिथे कुणीतरी उभं होतं, त्याच्याकडून हे फोन करवून घेणारं.

बाईंनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि वही-पेन पुढे ओढलं. वर्गातल्या प्रत्येकाला बाईंचा नंबर पाठ करायला लावलेला होता. फोन चोरीला जातो, डोक्यातला नंबर जात नाही, असं त्या म्हणत. ज्यांना फसवायचं त्यांच्या यादीत चंद्रभाननं तो नंबर घुसवला असणार. बायकोला केला असता तर ती किंचाळली असती. त्याला असं माणूस हवं होतं, ज्याला हा खेळ येतो.

“मधुवंती देशकर,” त्या म्हणाल्या. “साहेब, मी काय केलं?”

“तुमच्या नावाचं एक पार्सल पकडलं आहे. कुठे अडकलं आहे ते सांगतो, लिहून घ्या.” त्यानं थायलंडच्या सीमेवरच्या एका गावाचं नाव घेतलं. मग पुन्हा घेतलं, सावकाश. “नदीच्या पलीकडे. निळ्या पत्र्याचं कुंपण, बाजूला दगडाची खाण. तिसरी इमारत, चौथा मजला. लिहिलं?”

“लिहिलं, साहेब.”

“पार्सलमध्ये अकरा पासपोर्ट आहेत. सगळे आपल्याकडच्या लोकांचे. दोन खराब झाले आहेत.”

“खराब म्हणजे?”

“कायमचे.”

डावीकडून कुणीतरी हिंदीत म्हणालं, “कितना लंबा खींच रहा है?”

“पार्टी डर गई है, सर. बस, हो रहा है,” चंद्रभान तिकडे न बघता म्हणाला आणि पुन्हा बाईंकडे वळला. “घरी कोण कोण असतं?”

“मी एकटीच. जवळच जयवंता राहते, ती येते कधीमधी.” आवाज घाबरलेला ठेवणं कठीण जात नव्हतं. “बरी आहे ती. तिची मुलगी रोज शाळेत जाते. जयवंताही आता वाचायला लागली आहे, साहेब. बसची पाटी वाचून एकटी शहरात सदरला जाऊन येते.”

अधिकाऱ्यानं मान खाली घातली. समोरच्या कागदावर तो बराच वेळ काहीतरी लिहीत राहिला. त्याच्या पेनाला टोपण तसंच होतं.

“केसमध्ये नोंद घेतो,” तो म्हणाला. “आता तुमच्या खात्याची पडताळणी करावी लागेल. रक्कम आमच्याकडे पाठवायची. तपास झाला की परत येईल.”

‘हे मला लेखी द्या.’ सवयीनं ते वाक्य बाईंच्या ओठांशी आलं. इतकी वर्षं त्यांनी तेच तर शिकवलं होतं. चंद्रभान त्यांच्याकडे बघत होता. त्याच्या कानामागून कॉलरखाली गेलेला काळानिळा पट्टा त्यांना दिसला. हा फोन वाया गेला तर तसा आणखी एक उमटेल, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

“पाठवते, साहेब,” त्या म्हणाल्या, आणि त्यानं सांगितलेल्या खात्यात पैसे पाठवले.

“पाणी प्या,” चंद्रभान म्हणाला. तो वर्गातही असंच म्हणायचा, खेळ संपला की. पडदा काळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जयवंताला घेऊन पोलिसांच्या कार्यालयात गेल्या. तिला सगळं सांगून झालं होतं. ती रडली नाही. दात कोणता पडला, एवढंच तिनं दोनदा विचारलं.

टेबलामागचा अधिकारी तरुण होता, वागायला बरा होता. त्यानं खुर्च्या दिल्या, ऐकून घेतलं, आणि पेन खाली ठेवलं.

“मॅडम, तुम्ही त्याला ओळखलं होतं?”

“लगेच.”

“तरी पैसे पाठवले?”

“नसते पाठवले तर त्याला मारलं असतं.”

“मग फसवणूक कुठे झाली? मनानं दिले तुम्ही.” तो कपाळ चोळू लागला. “एक तर तुम्ही फसलात, नाही तर नाही फसलात. दोन्ही कसं लिहू?”

“तो तिथे कोंडलेला आहे. त्याची तक्रार घ्या. हा पत्ता आहे.”

“ते परदेशातलं प्रकरण. इथून अर्ज वर जातो, वरून दिल्लीला जातो. ताई मागे पोलिसांत गेल्या होत्या ना? झालं काही?” जयवंतानं नाही म्हणून मान हलवली. “तेच. माझ्या हातात फसवणुकीचा गुन्हा आहे. तो आज नोंदवता येतो. पण मग तुम्ही फसलेल्या, आणि तुम्हाला फसवणारा…” त्यानं वाक्य सोडून दिलं.

मधुवंतीबाई काही बोलणार, तोच जयवंता उठून उभी राहिली. वर्गात उभी राहायची तशी, हात बाजूला.

“आरोपी म्हणून नाव लिहलं तं त्याच्यात काय काय लिहता, साहेब?”

“नाव, वय, वर्णन. पत्ता.”

“कोणता पत्ता?”

“सध्याचा. माहीत असेल तर.”

“माईत आहे.”

“जयवंता,” बाई हळूच म्हणाल्या, “अगं, उद्या तो परत आला तर त्याच्यावर खटला चालेल. तुरुंग होईल.”

“इथलाच होईन ना मॅडम, तुरुंग?” ती म्हणाली. “मी डबा घेऊन जाईन.”

मग बाईंना जबाब द्यावा लागला. मी त्या इसमाला आधी ओळखलं नाही, मी घाबरले, माझी दिशाभूल झाली, नंतर आवाजावरून संशय आला, असं त्या एकेक वाक्य सांगत गेल्या आणि अधिकारी टाइप करत गेला. आयुष्यभर त्यांनी मुलांना जे दिसलं तेच लिहायला शिकवलं होतं. चंद्रभानचं वय, उंची, रंग जयवंतानं सांगितलं. पत्त्याच्या जागी गाव, नदी, निळं कुंपण, तिसरी इमारत, चौथा मजला, सगळं बसलं.

“हे आमाले लेखी द्या,” जयवंता म्हणाली. आवाज बसला नाही.

“देतो ना ताई. प्रत मिळतेच.”

बाहेर ऊन चढलं होतं. फाटकाशी थांबून तिनं कागद उघडला आणि बोट ठेवून वाचू लागली. आरोपीचे नाव, चंद्रभान. पुढचं आडनाव तिला वेळ लावत होतं, पण तिनं मदत घेतली नाही. पत्त्याच्या ओळीपर्यंत ती पोचली, तो पूर्ण वाचला, आणि कागदाची घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली.

“आता हे लोक त्याले पकडाले जातीन ना, मॅडम?”

मधुवंतीबाईंच्या पर्समध्ये फोन वाजू लागला. त्यांनी काढून पाहिलं. नंबर अनोळखी होता. जयवंता जवळ सरकली. बाईंनी फोन उचलला.

पडद्यावर तोच खाकी गणवेश होता, तोच निळा पडदा. माणूस दुसरा होता, विशीतला, चेहरा घामानं ओला.

“नमस्कार मॅडम,” तो कागद बघून वाचू लागला. “आधीच्या साहेबांकडची तुमची फाइल आता माझ्याकडे आली आहे.”